‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, लेखाखाली जशीच्या तशी आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये एमपॉक्सची (आधीचं नाव मंकीपॉक्स) साथ मुख्यतः गे पुरुषांत पसरली, तिच्या लशीसाठी त्यांनी रांगा लावल्या, तरी कितीतरी जण लशीपासून लांबच राहिले. त्यामागे जुना अविश्वास आणि आपण कोण ते उघड होण्याची धास्ती होती, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, “लस फुकट होती, दवाखाने उघडे होते. ज्यांनी घेतली नाही ते आळशी. अविश्वास न् भीती हे तुम्हा लोकांचं नेहमीचं रडगाणं.” पुढे, पहिला डोस घेतलेले बरेच जण दुसऱ्याला फिरकले नाहीत त्याबद्दल एक परिच्छेद, आणि शेवटी हिपॅटायटिस बीच्या (रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारी कावीळ) लशीचं साल मी चुकवल्याची नोंद.

साल आधी घेतो. अमेरिकेत त्या लशीला परवानगी नोव्हेंबर १९८१ मध्ये मिळाली, मी १९८२ लिहिलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘तुम्हा लोकांचं’. मी नाटकांवर लिहितो, लोकलवर लिहितो, तेव्हा मी नुसता ब्लॉगवाला असतो. या विषयाला हात घातला की एकदम ‘तुम्ही लोक’ होतो. टोपणनावाआडून स्पष्ट बोलणं सोपं असतं, साहेब. मी स्वतःच्या नावाने लिहितो आणि हा ब्लॉग माझी मावशीही वाचते.

आणि आळशी? ज्या लशीच्या सालावरून मला पकडलंत, तिचाच इतिहास बघा की. न्यूयॉर्क ब्लड सेंटरच्या वुल्फ श्मुनेस यांनी १९७८ च्या नोव्हेंबरात तिची चाचणी सुरू केली, ती १०८३ गे पुरुषांवर. ही माणसं आपणहून आली होती. निम्म्यांना खोटं इंजेक्शन मिळणार हे माहीत असून त्यांनी दंड पुढे केला, वर पुन्हा पुन्हा रक्तही दिलं. लस उत्तम ठरली. पण लगोलग एड्स आला. ती पहिली लस हिपॅटायटिसच्या वाहकांच्या रक्तद्रवापासून बनायची आणि रक्त देणाऱ्यांत गे पुरुषही होते, त्यामुळे लशीतूनच एड्स होतो अशी आवई उठली. लस बनवताना तो विषाणू मरतो हे १९८४ पर्यंत दाखवून झालं होतं. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली आणि रक्ताचा संबंधच मिटला. मधल्या काळात मात्र, ज्यांच्या दंडावर ही लस सिद्ध झाली त्याच समाजातले लोक ती घ्यायला कचरत होते. ओळखीतली तरणीताठी माणसं एकामागून एक जात असताना सरकारी खुलाशावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, असं तुमचं म्हणणं आहे का?

भीतीचं म्हणाल तर माझंच सांगतो. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा एका दवाखान्यात हीच लस मागितली होती. (भारतात सगळीकडच्या बाळांना ती २०११ च्या सुमारास मिळू लागली, माझ्या पिढीला मागूनच घ्यावी लागते.) डॉक्टरांनी विचारलं, “लग्न झालंय?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग तुम्हाला कशाला हवी?” शेजारी कंपाउंडर कान देऊन उभा. मी काहीतरी पुटपुटलो आणि लस न घेताच बाहेर पडलो. हा माझा आळस बरं का.

२०२२ मध्येही तेच. २३ जूनला न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या क्लिनिकमध्ये एमपॉक्सची लस सुरू झाली आणि दुपारपर्यंत रांग बंद करावी लागली. रिकाम्या हाताने परतलेल्यांत मीही होतो. पुढे ९ ऑगस्टला डोसाचा पाचवा हिस्सा कातडीत टोचायला परवानगी मिळाली आणि तो कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला टोचू लागले. तिथे गाठ येते, लाल डाग कित्येक आठवडे जात नाही. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, “हाताला काय रे झालंय?” मी म्हटलं, डास चावला. आईला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे, तरीही. ज्यांच्या घरी ठाऊक नाही त्यांनी तो हात घेऊन ऑफिसात कसं बसायचं? पुढे खांद्यावर किंवा पाठीवर टोचून घ्यायची मुभा अमेरिकी आरोग्य खात्यानेच दिली. त्यांनाही रडगाणंच ऐकू आलं असणार!

दुसऱ्या डोसबद्दल तुमचा युक्तिवाद असा: पहिल्या डोसाला भीती आड आली नाही, तर दुसऱ्यालाच कशी आली? ऑगस्टनंतर रुग्ण घटले, लोकांना गरज वाटेना, संपलं. असेलही. सगळ्याच गोष्टींचा एका उत्तरात कीस काढता येत नाही. पण लोकसंख्येच्या मानाने रुग्णांत कृष्णवर्णीय जास्त आणि लस मिळालेल्यांत कमी, हे तुमच्या ‘आळशी’त कुठे बसवायचं ते सांगा.

‘अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नका’ हे मी वाचलंच नाही असं धरतो. लेख अमेरिकेवरच होता. ‘तुम्ही लोक’ वगळून पुन्हा विचारलंत तर दुसऱ्या डोसवरही बोलू.