‘मार खाऊन हनुवटी पक्की होते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, दोन वर्षं बॉक्सिंग शिकतोय. गेल्या आठवड्यात बहिणीनं एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, हे खरं आहे का? याच्या क्लबच्या ग्रुपवर फिरतंय.’ मेसेजात चॅम्पियन होण्याचे नियम होते. रोज पूर्ण ताकदीनं स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करा, मार खाऊन हनुवटी पक्की होते (म्हणजे ठोसा सोसायची सवय लागते), मुहम्मद अलीनंही तेच केलं. हेडगार्ड (डोक्याचं गादीदार कवच) घातलं की मेंदूला धोका नाही. नॉकआउट झाला नाही म्हणजे इजा नाही. डोकं दुखलं तरी दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरा, भीती मोडते. तालमीत पैलवान रोज लढतात, मग बॉक्सरनं का नाही? आणि बॅग (टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारणं), शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं) हा सगळा टाइमपास. मी भाच्याला फोन लावला तेव्हा कळलं की पोराचं तीन दिवस डोकं दुखतंय आणि घरात त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी हनुवटी. हनुवटीवर ठोसा बसला की डोकं मानेवर गर्रकन फिरतं. कवटी फिरते, आत द्रवात तरंगणारा मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. या ताणाची सवय होत नाही. मुठीची कातडी राठ होते, पोटाचे स्नायू मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) झेलून घट्ट होतात. मेंदूला घट्टे पडत नाहीत. मान भरली तर डोकं थोडं कमी फिरेल, पण मान भरायला व्यायाम आहेत. त्यासाठी तोंड पुढे करावं लागत नाही.

‘नॉकआउट नाही म्हणजे इजा नाही’ हा दावा तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. न्यू जर्सीतल्या नेवार्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ‘पंच ड्रंक’ (ठोशांनी झिंगलेला) नावाचा निबंध लिहिला. अडखळती चाल, मंदावलेल्या हालचाली, हाताचा कंप, पुढे बुद्धीवर परिणाम. हे कुणाला होतं? बचाव कच्चा असलेल्या, डोक्यावर भरपूर मार झेलणाऱ्या बॉक्सरना, असं ते सांगतात. आणि पुढचं वाक्य प्रत्येक पालकानं वाचावं असं आहे: सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या, दिवसातून अनेकदा पाडल्या जाणाऱ्या दुय्यम बॉक्सरमध्येही हे नेहमी दिसतं. म्हणजे स्पारिंग पार्टनर. ज्यांचं नाव पोस्टरवर कधी येत नाही, ज्यांच्या पडण्याची नोंद कुठल्याही रेकॉर्डमध्ये नसते, ते. क्लबात मोठ्या मुलांच्या तयारीसाठी समोर उभा केला जाणारा पंधरा वर्षांचा पोरगा म्हणजे दुसरं कोण?

अलीचं उदाहरण तर मेसेजवाल्यानं द्यायलाच नको होतं. हो, सत्तरच्या दशकात अली सरावात दोराला टेकून जोडीदारांचे ठोसे मुद्दाम अंगावर घ्यायचा. 1984 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याला पार्किन्सनचं (कंपवाताचं) निदान झालं. ते ठोशांमुळेच झालं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, आणि मीही ते ठामपणे म्हणणार नाही. पण त्याची ती सवय आदर्श म्हणून पोरांपुढे ठेवायला छाती लागते.

हेडगार्डबद्दल थोडक्यात. ते जरूर घाला. भुवई फुटत नाही, डोक्यावर डोकं आपटलं तर वाचतं. पण डोकं फिरणं ते थांबवत नाही. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून सक्तीचं असलेलं हेडगार्ड पुरुषांच्या वरिष्ठ गटातून 2013 मध्ये काढलं गेलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय लढले. त्या निर्णयावर वाद झाले, अजून आहेत. मेंदूचा प्रश्न हेडगार्डनं सुटला असता, तर हा वाद उभाच राहिला नसता.

आता ज्या नियमानं मला खरा संताप आला तो. ‘डोकं दुखलं तरी दुसऱ्या दिवशी उतरा.’ डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, बोललेलं न आठवणं ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं आहेत. तो धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो, आणि असे प्रकार दुर्मीळ असले तरी नोंदले गेलेत ते मुख्यतः कोवळ्या वयातल्या खेळाडूंमध्ये. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली तर किमान 30 दिवसांची बंदी आली, आणि ती बंदी स्पारिंगलाही लागू. रेफ्रीनं थांबवलेल्याला महिनाभर सराव-लढत नाही, आणि ग्रुपवरचा कुणी बिननावाचा माणूस सांगतो उद्या उतर! यानं भीती मोडत नाही. पोरगं दुखणं लपवायला शिकतं, जसं आमचं शिकलं.

तालमीचं म्हणाल तर पैलवान रोज जोड धरतात हे खरं. पण ते तेल-ताक घालून मऊ केलेल्या लाल मातीत लढतात आणि समोरच्याचं डोकं हे त्यांचं लक्ष्य नसतं. शिवाय नवख्या पोराला कुणाबरोबर सोडायचं, कधी थांबवायचं, हे वस्ताद आखाड्याच्या काठावर उभा राहून बघतो. घ्यायचं तर ते घ्या ना.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. स्पारिंगशिवाय बॉक्सर होत नाही. बॅग उलटा ठोसा मारत नाही. अंतराचा अंदाज, समोरचा खांदा हलला की काय येणार हे ओळखणं, मार चुकवताना श्वास न रोखणं, हे माणसासमोरच जमतं. पण त्यासाठी सोळा औंसचे ग्लोव्ह्ज, सारख्या वजनाचा जोडीदार आणि ठरवून दिलेलं काम लागतं: ही फेरी फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पुढची फक्त छाती-पोटावर ठोसे, तिसरीत एकानं फक्त बचाव. बॅग, पॅड (प्रशिक्षकानं हातात धरलेल्या गाद्या), शॅडोत बसवलेलं तिथे तपासून बघायचं असतं. जोरकस फेऱ्या मोजक्या, लढतीच्या तयारीपुरत्या, आणि लढत जवळ आली की त्याही बंद. जॉर्ज फोरमनला 1974 मध्ये आफ्रिकेत किन्शासाला अलीशी होणाऱ्या लढतीआधी जेमतेम आठवडा राहिला असताना सरावात जोडीदाराचं कोपर लागून डोळ्यावर जखम झाली आणि 25 सप्टेंबरची लढत 30 ऑक्टोबरवर गेली. तो तर जगज्जेता होता.

भाच्याला डॉक्टरांकडे नेलं. आधी पूर्ण विश्रांती, मग हळूहळू दोरीउड्या आणि शॅडो, डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही. प्रशिक्षकांना मी स्वतः भेटलो, ते नाराज झाले. बहिणीला सांगितलंय, हे सगळं त्याच ग्रुपवर टाक, माझ्या नावासकट.