बॅक्टेरिया शिंपडले की खाणीवर जंगल उगवतं म्हणे. त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण मजकूर तोच. खाणकाम झालेली जमीन पूर्ण मेलेली असते, तिच्यात एकही जिवाणू उरलेला नसतो. झाडांच्या मुळांभोवती राहणारे चांगले बॅक्टेरिया बाटलीत वाढवून पाण्यातून शिंपडले की ते जड धातू खाऊन टाकतात, हवेतलं नत्र ओढून घेतात, वरची माती, खत, चुना कशाचीच गरज उरत नाही आणि दोन वर्षांत जंगल उभं राहतं. आणि सगळं नैसर्गिक, म्हणजे तोटा काहीच नाही.

यातला प्रत्येक तुकडा कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवरून उचललाय, म्हणूनच वाचताना पटतं. जोडून जे तयार झालंय ते मात्र चूक आहे, आणि कोणी यावर विसंबून खरंच जमिनीवर पैसे घालणार असेल तर महागात पडेल.

पहिलं, "एकही जिवाणू नसतो". साफ चूक. खाणीतून उपसून टाकलेल्या ढिगात जिवाणू असतात, फक्त आपल्याला हवेत ते नसतात. कोळशाच्या किंवा तांब्या-जस्ताच्या खाणीतल्या दगडात बऱ्याचदा पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. जमिनीखाली ते शांत पडलेलं असतं, वर आणून फोडलं की हवा आणि पाणी लागतं आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार व्हायला लागतं. आता यात अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा बॅक्टेरिया शिरतो. त्याला झाड नको, मूळ नको, सेंद्रिय पदार्थ नको, तो लोखंडाच्या ऑक्सिडेशनवरच जगतो, आणि जे लोखंड आम्लात एरवी अतिशय सावकाश ऑक्सिडाइज झालं असतं ते हा पठ्ठ्या भराभर करून देतो आणि तेच ऑक्सिडाइज झालेलं लोखंड परत पायराइटवर तुटून पडतं, असं ते चक्र. सिंगर आणि स्टम या संशोधकांनी १९७० साली दाखवलं की बॅक्टेरियामुळे या टप्प्याचा वेग दहा लाख पटींहून जास्त वाढू शकतो. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) उणे ३.६ मोजला गेलाय. उणे! बॅटरीतलं अ‍ॅसिडसुद्धा इतकं तीव्र नसतं.

म्हणजे "नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी" हा शेवटचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. खाणीच्या पाण्याचं वाटोळं करणाऱ्यांत सगळ्यात मोठा हात शंभर टक्के नैसर्गिक बॅक्टेरियाचाच आहे.

दुसरं, "धातू खाऊन टाकतात". मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण इथे सुशिक्षित माणसंही फसतात. तेल सांडलं तर बॅक्टेरिया ते खरंच खातात, कारण तेल हे कार्बनचं संयुग आहे, तोडलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचे तुकडे कोणताच जीव करू शकत नाही. बॅक्टेरिया काय करतो तर त्यांचं रूप बदलतो. विरघळणारं असेल तर न विरघळणारं करतो, कधी स्वतःच्या पेशीच्या भिंतीला चिकटवून ठेवतो, आणि कधी नेमकं उलटं. क्रोमियमचं उदाहरण चांगल्या बाजूचं: षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि पाण्याबरोबर पळणारं, त्याचं त्रिसंयुजी केलं की ते बहुतेक जागेवर बसतं. आर्सेनिकचं नेमकं उलट आहे. तिथे हीच रिडक्शनची (इलेक्ट्रॉन जोडण्याची) क्रिया झाली की जे रूप तयार होतं ते जास्त सहज हलतं आणि जास्त विषारी असतं. पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत काही सल्फेट-रिड्यूसिंग बॅक्टेरिया (ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून जगणारे) पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात, जे माशांमार्फत अन्नसाखळीत चढतं. आणि गंमत बघा, हेच सल्फेट-रिड्यूसिंग बॅक्टेरिया खाणीच्या आम्लयुक्त पाण्यासाठी बांधलेल्या दलदलीत खूप उपयोगी पडतात, पीएच वाढवतात आणि धातू सल्फाइडच्या रूपात खाली बसवतात. तोच गट एका जागी औषध, दुसऱ्या जागी विष. त्यामुळे बाटलीवर "धातू नष्ट करतो" लिहिलं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

मुळांजवळचे बॅक्टेरिया इथे झाडाला मदत करतात हे मात्र खरं आहे, आणि ते मान्य करायला पाहिजे. ताण पडला की झाड इथिलीन जास्त बनवतं आणि मुळांची वाढ खुंटते. काही सुडोमोनास वगैरे जातींकडे एक एन्झाइम असतं, ते इथिलीन बनण्याआधीचाच कच्चा माल, एसीसी, तोडून टाकतं. मूळ वाढत राहतं. पण यात झाड धातू सहन करतं, धातू जमिनीतून जात नाही, हा फरक मेसेजमध्ये गायब आहे. काही बॅक्टेरिया तर लोखंड मिळवायला जे सिडेरोफोर (लोखंड पकडून ठेवणारे रेणू) सोडतात त्याने इतर धातूही सुटे होऊन झाडात जास्त शिरू शकतात. पाला गुरांनी खाल्ला तर? म्हणून ‘हिरवं दिसतंय म्हणजे बरं झालंय’ असं धरून चालणार नाही, पानं तपासावी लागतात.

तिसरं, "शिंपडलं की पुरे, माती-खत-चुना नको". मुळांभोवतीच्या या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन माणसाने दिलं, आणि याच हिल्टनरने त्याआधी, १८९६ मध्ये, नोब्बे या सहकाऱ्याबरोबर शेंगवर्गी पिकांच्या कल्चरचं, म्हणजे वाढवून ठेवलेल्या जिवाणूंचं, पेटंट घेतलं होतं. म्हणजे बाटलीतले बॅक्टेरिया विकायची कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे, नवीन शोध वगैरे काही नाही, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीये की बाहेरून सोडलेल्या जिवाणूंची संख्या मातीत साधारणपणे झपाट्याने खाली येते. का, तर मुळांजवळ गर्दी होते ती मूळ खायला घालतं म्हणून. झाड पानांत बनवलेल्या अन्नातला काही वाटा मुळांवाटे साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं अशा रूपात बाहेर सोडतं, त्यावर ही सगळी वस्ती जगते. नुसत्या दगडचुऱ्यावर मूळच नाही, सेंद्रिय कर्ब नाही, तिथे कल्चर शिंपडणं म्हणजे चूल न पेटवताच पंगत बसवणं.

आणि मूळ का नाही? बऱ्याचदा कारण जिवाणूंशी संबंधितच नसतं. डोझर फिरून फिरून जमीन इतकी दाबलेली असते की मूळ आत घुसत नाही. अमेरिकेत १९७७ च्या खाण पुनर्स्थापना कायद्यानंतर पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत नेमकं हेच झालं. उतार स्थिर राहावेत म्हणून ढिगारे दाबून सपाट केले, गवत आलं, झाडं मात्र नीट येईनात. पुढे तिथल्या वनतज्ज्ञांनी सांगितलं की वरचा निदान चार फुटांचा थर सैल ठेवा, दाबू नका. यात कुठली बाटली नव्हती. पीएचचंही तसंच. पाचच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं, तिथे चुना लागतोच, आणि पायराइट शिल्लक असेल तर एकदा टाकून भागत नाही कारण अ‍ॅसिड बनत राहतं.

चौथं, नत्र. इथे मेसेजवाल्यांचा हात खऱ्याच्या सगळ्यात जवळ पोचलाय. खाणीच्या नव्या मातीत नत्र जवळपास नसतं. अँथनी ब्रॅडशॉ या परिसंस्थाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या खाणींच्या ढिगांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचा हिशोब असा की स्वतःच्या पायावर उभं राहणारं झाडझाडोऱ्याचं जग तयार व्हायला मातीत हेक्टरी साधारण १००० किलो नत्र साठायला लागतं. एवढं खताने घालत बसणं परवडत नाही, वाहूनही जातं, म्हणून शेंगवर्गी झाडं आणि त्यांचं रायझोबियम (मुळांच्या गाठीत राहून हवेतलं नत्र बांधणारा बॅक्टेरिया), किंवा सुरूसारखं झाड आणि त्याच्या मुळांवरचं फ्रँकिया (तसंच काम करणारा दुसरा बॅक्टेरिया), हाच खरा रस्ता आहे. पण हे नत्र गाठीत बनतं, गाठ झाडावर येते, त्या झाडाला स्फुरद आणि मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य लागतं, आणि आम्ल मातीत मॉलिब्डेनम मिळत नाही. परत फिरून चुन्यापाशीच.

शिवाय गाठी दिसल्या म्हणजे काम होतंय असंही नाही. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे एका शेतात १९४२ ते १९६१ सांडपाण्याचा गाळ घातला होता, त्यातून जस्त, कॅडमियम वगैरे मातीत राहिलं. वीसेक वर्षांनंतर तिथल्या पांढऱ्या क्लोव्हरला (एक शेंगवर्गी चारा) गाठी येत होत्या, पण त्या नत्र बनवतच नव्हत्या. काम करणारे रायझोबियम धातूंनी संपले होते, टिकून राहिला तो निकामी प्रकार. खाण नव्हती ती, पण धातूवाल्या मातीला धडा तोच लागू. म्हणून गाठ मोजायची नाही, कापून बघायची, आतून गुलाबी-लालसर असेल तर चालू, पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद.

पाचवं, "दोन वर्षांत जंगल". दोन वर्षांत हिरवळ येते. मातीत सेंद्रिय कर्ब साठणं, कण एकमेकांना धरून ढेकळं होणं, बुरशीचं जाळं बसणं याला दशकं लागतात. बुरशीचं नाव त्या मेसेजात कुठेच नाही, ही पण कमाल आहे, कारण बहुतेक सगळ्या झाडांच्या मुळांवर मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी बुरशी) असतो आणि मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद तोच आणून देतो.

मग कल्चर टाकूच नये का? टाका, पण क्रम पाळून, आणि त्याहून बरं म्हणजे खाण सुरू करताना काढलेली वरची माती जपा. ती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की आतल्या थरात हवा पोचत नाही आणि तिच्यातली बुरशी, जिवाणू कमी होत जातात, त्यामुळे ढीग बुटका आणि मुक्काम कमी. नेदरलँड्समध्ये वरची माती काढलेल्या जुन्या शेतजमिनीवर गवताळ रानातली किंवा हीथच्या (खुरट्या झुडपांच्या) माळावरची माती अगदी पातळ पसरली, तर पुढे तिथली झाडं आणि मातीतले जीव दोन्ही त्या त्या रानाच्या दिशेने वळले, हे २०१६ मध्ये छापून आलंय. बाटलीत एक-दोन जाती असतात, मूठभर जिवंत मातीत हजारो, बुरशी आणि सूक्ष्म किड्यांसकट.

आणि तरीही कोणी बाटली घेऊन आलंच तर एवढंच सांगा: शेजारी शेजारी तीन वाफे कर. एकात काही नको, एकात तुझं कल्चर, आणि तिसऱ्यात तेच कल्चर निर्जंतुक करून, म्हणजे आतले जिवाणू पूर्ण मारून. तिसरा वाफा बहुतेक विक्रेते विसरतात. कल्चरच्या पाण्यात साखर आणि नत्र असतंच, त्याने रोपं थोडी तरतरीत होतात, आणि श्रेय बॅक्टेरियाला जातं.