घर खाली करण्याच्या आधी

परवा रात्री आतेभावाचा फोन आला. मुलुंडला त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, घरं खाली करायची तारीख मिळालीये आणि तो एकदम खुशीत होता, दादा पुढच्या महिन्यात शिफ्टिंग, तीन वर्षात नवीन घर, मुलीला स्वतःची रूम मिळेल, वगैरे वगैरे. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, आयओडी, म्हणजे पालिकेची प्लॅनला पहिली मंजुरी, आली का रे? तर म्हणाला, "प्लॅन टाकलाय, बिल्डर म्हणतो तुम्ही खाली केलंत की पंधरा दिवसात मिळेल." फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. पोस्ट मोठी होणार आहे, पण ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आमची चाळ डिलाईल रोडला होती. होती म्हणजे आता नाहीये. तळमजला अधिक तीन मजले, ५८ खोल्या, १९४०च्या आधीचं बांधकाम, मालक वेगळा आणि आम्ही सगळे पागडीचे, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात राहणारे, भाडेकरू. मार्च २०१४ला आम्ही खोली सोडली. कागदावर ३६ महिने लिहिले होते. येत्या मार्चला बारा वर्षं होतील. पहिली तीन-साडेतीन वर्षं भाड्याचे चेक वेळेवर आले, मग दोन-दोन महिने उशिरा यायला लागले, मग एकदा सगळ्यांचे एकदम बाऊन्स झाले आणि २०१८च्या दिवाळीनंतर काहीच आलं नाही. तोपर्यंत आम्ही लोअर परळहून भांडुपला आलो होतो, मग कळव्याला गेलो, आता बदलापूरला आहोत. दर वेळी भाडं परवडेना म्हणून एक स्टेशन पुढे. बाबा गेले ते कळव्याच्या घरात, २०१९ला. डिलाईल रोडवर सत्तर वर्षं काढलेला माणूस, शेवटचे सहा महिने रोज विचारायचे, प्लिंथ, म्हणजे जोतं, झालं का. मी हो म्हणून सांगायचो. खोटं बोलायचो मी त्यांच्याशी, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन साईटवर गेलो होतो. रस्त्याकडून हिरवे पत्रे लावलेत, एका ठिकाणी पत्रा वाकवून पोरांनी आत शिरायला वाट केलीये, तिथून वाकून बघितलं. बेसमेंट पार्किंगसाठी खोल खड्डा खणून ठेवलाय आणि तो काठोकाठ पाण्याने भरलाय, गच्च हिरवं पाणी. सहा-सात कॉलम जमिनीच्या जरा वर आलेत आणि त्यातून सळया बाहेर आहेत, गंजून इतक्या फुगल्यात की हात लावला तर पापुद्रे निघतात. इंजिनिअर असलेल्या एका मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला, उद्या काम सुरू झालं तरी हे कॉलम तपासल्याशिवाय, कदाचित तोडल्याशिवाय, वर एक मजला चढवता येणार नाही. म्हणजे जे थोडंफार झालंय तेही पावसात उभं राहून वाया चाललंय. पाण्याच्या काठावर दोन बगळे उभे होते. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली इथे नळ होता ना आपला. बास, एवढंच बोलली.

आता कोणी म्हणेल तुम्ही रिडेव्हलपमेंटच्या विरोधात आहात. अजिबात नाही. ज्यांनी सेस, म्हणजे उपकर लागलेल्या, बिल्डिंगमध्ये दिवस काढलेत त्यांना मुंबईतल्या जुन्या इमारतींची अवस्था सांगायला लागत नाही. ३० सप्टेंबर १९६९च्या आधीच्या शहरातल्या खाजगी भाड्याच्या इमारतींवर उपकर लागला, त्यातून दुरुस्ती मंडळाने दुरुस्ती करायची असं ठरलं, तेव्हा अशा इमारती १९ हजारांच्या वर होत्या. भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला खर्च करण्यात रस नाही, मंडळाकडचा पैसा पुरत नाही, मग टेकू लाव, स्लॅबला प्लास्टर मार, असं करत करत पन्नास वर्षं गेली. आमच्या जिन्याला तर चार पावसाळे लोखंडी टेकू होते. रात्री कोणी धावत जिना चढलं की आई ओरडायची. घर पाडायलाच हवं होतं हे आम्हाला मान्यच होतं, म्हणून तर सह्या दिल्या.

पण माझं म्हणणं एकच आहे आणि ते बारा वर्षांत पक्कं झालंय. या शहरात रिकामं करणं आणि पाडणं पहिल्यांदा होतं आणि बाकी सगळं, म्हणजे परवानग्या, पैसा, कोणी काय करायचं याचा ताळमेळ, हे नंतर बघू म्हणून ठेवलं जातं. आणि ज्या क्षणी तुम्ही चावी देता त्या क्षणी तुमच्या हातातली सगळी ताकद संपते. तोपर्यंत बिल्डर तुमच्या घरी पेढे घेऊन येत असतो. चावी दिल्यावर तुम्हीच त्याच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसता, आणि आतली मुलगी सांगते सर मीटिंगमध्ये आहेत.

हे प्रोजेक्ट अडतात कसे ते नीट समजून घ्या, कारण दर वेळी बिल्डर पळून जातो असं काही नसतं. बिल्डर स्वतःच्या खिशातून बिल्डिंग बांधत नाही. विक्रीचे जे फ्लॅट वर मिळणार असतात त्यांच्या जोरावर तो कर्ज उचलतो, फ्लॅट बुक करून ग्राहकांचे पैसे घेतो, आणि त्यातून पालिकेचा प्रीमियम, आपलं भाडं, सिमेंट-सळई सगळं चालतं. मार्केट जोरात असेपर्यंत चक्र फिरतं. पण एकाच वेळी पाच-सहा साईट घेतलेल्या असतात, इथले पैसे तिथे आणि तिथले इथे चालू असतं, मग कुठेतरी एक परवानगी अडकली किंवा विक्री थंडावली की सगळं एकदम बसतं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी कर्ज फेडू शकली नाही, त्यानंतर बिगरबँक फायनान्स कंपन्यांकडून बिल्डरांना मिळणारा पैसा आटला, आणि आमचे चेक बरोब्बर त्याच सुमारास थांबले हा काही योगायोग नाही. अशा वेळी भाडं सगळ्यात आधी का बंद होतं? कारण कर्ज देणाऱ्याकडे तारण असतं, पालिकेला पैसे भरले नाहीत तर पुढची परवानगी मिळत नाही, कॉन्ट्रॅक्टर काम थांबवतो. भाडेकरू काय थांबवणार? त्याने तर घर आधीच देऊन टाकलेलं असतं.

आणि लोकांचा अजून एक गैरसमज आहे, की आता रेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारा कायदा, आहे ना. महाराष्ट्रात रेरा १ मे २०१७ला आलं, चांगली गोष्ट आहे, पण ते मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्याला संरक्षण देतं. आपण जुने रहिवासी, आपलं घर पुनर्वसनातलं, त्यामुळे विकत घेणाऱ्याचे हक्क आपल्याला तसे लागू होत नाहीत. एकाच साईटवर विक्रीच्या विंगेतल्या माणसाची तक्रार रेरात उभी राहते आणि ज्याची मूळ जागा आहे त्याला सिव्हिल कोर्ट दाखवतात.

गोरेगावच्या पत्राचाळीचं सगळ्यांना माहिती आहे, ६७२ कुटुंबं, २००८चा करार, मग भाडं बंद, काम बंद, आणि २०२२मध्ये म्हाडाला स्वतः काम परत हातात घ्यावं लागलं. ती बातमी झाली कारण आकडा मोठा होता. वीस-वीस, साठ-साठ घरांच्या बिल्डिंगा ज्या गल्लीबोळात हिरव्या पत्र्यांमागे पडून आहेत त्यांची बातमी होत नाही. दादर, परळ, गिरगाव, गोरेगाव, कुठेही चालत जा आणि पत्रे मोजा.

अर्धवट सोडलेले सेस बिल्डिंगचे प्रोजेक्ट म्हाडाने ताब्यात घ्यावेत असा बदल म्हाडाच्या कायद्यात केलाय, ९१-अ कलम. विधिमंडळात तो २०२०ला झाला आणि राष्ट्रपतींची सही व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला. आमच्यासारख्यांना त्याचाच आधार आहे, त्यासाठीच सध्या आमचे हेलपाटे चालू आहेत, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पुलांचंही हेच. आमच्या डिलाईल रोडचाच पूल घ्या. जुलै २०१८ला धोकादायक म्हणून बंद केला. बरोबरच होतं, त्याच महिन्यात अंधेरीला गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला होता, जीव महत्त्वाचा. पण पूर्ण सुरू कधी झाला, तर नोव्हेंबर २०२३. पाच वर्षं आणि चार महिने. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेचे, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं पुढे जात नाही, गर्डर येईपर्यंत थांबा, गाड्या थांबवून काम करायला रेल्वेचा ब्लॉक मिळेपर्यंत थांबा. तिकडे गोखले पूल नोव्हेंबर २०२२ला पूर्ण बंद झाला, फेब्रुवारी २०२४ला एक बाजू उघडली तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंचीच जुळेना, नवीन पूल वर आणि जुना खाली. ते जोडायला अजून काही महिने, आणि संपूर्ण पूल २०२५च्या मे महिन्यात. उंची जुळते की नाही हे कागदावर आधी बघता येत नव्हतं का? पूल बंद असताना रोज लाखभर लोक वळसा घालतात, अँब्युलन्स घालते, शाळेची बस घालते, त्या वळशाचा खर्च कुठल्याच टेंडरमध्ये लिहिलेला नसतो. आमचं भाडं आणि हा वळसा, मला तरी दोन्ही एकच गोष्ट वाटते.

होत नाही असंही नाही, हे मुद्दाम सांगतो. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला पादचारी पूल बांधायला सांगितलं आणि फेब्रुवारी २०१८ला लोक त्यावरून चालत होते. एल्फिन्स्टनला आणि करी रोडलाही. मी स्वतः त्या पुलावरून चढउतार केलीये. मान्य आहे, पादचारी पूल आणि गाड्यांचा पूल यात फरक आहे. पण काय बांधायचं, कोणी बांधायचं आणि कुठल्या तारखेला, हे एका माणसाला विचारता येत होतं आणि त्याला उत्तर द्यावं लागत होतं. आमच्या साईटबद्दल मी आजवर नऊ ठिकाणी विचारलंय, प्रत्येकाने दहाव्याचं नाव सांगितलं.

आणि बीडीडीचं बघा. आमच्या बाजूलाच ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळी. २०१७च्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झालं, वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ला मिळाल्या. आठ वर्षं लागली, कमी नाहीत. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात जाताना बायका उंबऱ्यावर रडत होत्या ते व्हिडिओ आईने मला तीनदा लावायला सांगितले. तिथे सरकारी यंत्रणा मागे उभी होती, बाहेर राहणाऱ्यांना महिना २५ हजार भाडं ठरलं होतं. आणि तिथे बऱ्याच लोकांनी करार हातात आल्याशिवाय खोली सोडणार नाही असं धरून ठेवलं होतं. तेव्हा लोक त्यांना आडमुठे म्हणायचे. मी पण म्हणायचो, कारण आम्ही शहाण्यासारखी लगेच चावी दिली होती ना. आज त्यांची माफी मागावीशी वाटते.

आमच्या ५८ खोल्यांपैकी १७ मूळ भाडेकरू या बारा वर्षांत गेले. माणूस गेला की त्याचं नाव कागदावरून बदलायला परत वेगळी लढाई. बाबांच्या जागी आईचं नाव लावायला बहिणींच्या ना हरकती, मृत्यूचा दाखला, आणि मालकाच्या भाडेपावत्या, त्या पण सलग. आईने १९७४पासूनच्या सगळ्या पावत्या ठेवल्यात, एका लाल रेक्झिनच्या फाईलमध्ये, प्रत्येक वर्षाची वेगळी सुतळी बांधून. चार घरं बदलताना कपाट विकलं, पलंग विकला, ती फाईल मात्र ती लोकलमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायची.

तर भावाला मी जे सांगितलं ते इथे लिहितो, तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडेल. सोसायटीसाठी सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ कलमाखाली सरकारचे निर्देश आहेत, आधी ३ जानेवारी २००९चे, मग ४ जुलै २०१९चे सुधारित. त्यात बिल्डरने प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायची असं आहे. काम दोन वर्षात, अपवाद म्हणून तीन वर्षात पूर्ण करायचं असंही आहे. बऱ्याच कमिट्या बिल्डर नाराज होईल म्हणून गॅरंटीचा विषयच काढत नाहीत, काढा. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, बिल्डिंग पाडल्यावर मिळते हे मलाही माहिती आहे, पण आयओडी त्याआधी मिळते, ती बघितल्याशिवाय हलू नका. प्रत्येक मेंबरचा स्वतंत्र करार रजिस्टर झाला पाहिजे, त्यात फ्लॅट नंबर, कार्पेट एरिया आणि मजला लिहिलेला पाहिजे. आणि भाडं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ला नियम केला की बिल्डरने दोन वर्षांचं भाडं आधी जमा करायचं आणि पुढच्याचे चेक द्यायचे. झोपडपट्टीसाठी हे होऊ शकतं तर चाळीला आणि सोसायटीला का नाही? माझी मागणी तर पुढची आहे, बांधकामाच्या अख्ख्या काळाचं भाडं वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय घर खाली करायची नोटीसच निघू नये, आणि हे कायद्यात आलं पाहिजे, कमिटीच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. बिल्डरला परवडणार नाही म्हणतील. ज्याला तीन वर्षांचं भाडं परवडत नाही त्याला वीस मजले कसे परवडणार?

भाऊ म्हणाला, दादा, हे सगळं मी बोललो तर मीटिंगमध्ये लोक माझ्यावर धावून येतील, सगळ्यांनी घरं बघून ठेवलीत, काहींनी तर डिपॉझिटही दिलंय. खरंय, येतील. आमच्याकडेही एक काका होते तळमजल्यावरचे, ते हेच बोलत होते २०१३ला आणि आम्ही त्यांना बोलू दिलं नाही. रविवारी सकाळी दहाला त्यांच्या सोसायटीची मीटिंग आहे. मी मेंबर नाही, मला बोलायचा हक्क नाही, पण सेक्रेटरींना फोन करून दहा मिनिटं मागून घेतलीत. आई पण येते म्हणाली, फाईल घेऊन.