ती ‘ब्लॉक करा’ यादी इस्पितळात लावू नका

मामेभावाने काल एक फॉरवर्ड पाठवला. वर त्याची पुस्ती: ‘बघ, या सिक्युरिटीवाल्यांना फुकटचा पगार!’ हा भाऊ एका छोट्या इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून गप्प बसवत नाही. फॉरवर्डचं म्हणणं असं: २०१७ चा वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारा, मशीनमागून मशीनवर पसरणारा किडा) २२ वर्षांच्या एका पोराने दहा डॉलरचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव-पत्ता) घेऊन थांबवला, मोठमोठ्या टीम झोपल्या होत्या, तुम्ही फक्त सोबतची पत्त्यांची यादी फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यात) ब्लॉक करा, पॅचची (भोक बुजवणाऱ्या अपडेटची) गरज नाही.

पोराचं खरं आहे, मान्य. मार्कस हचिन्स. पण तो कुणी हौशी पोरगा नव्हता. मालवेअरचा (घातक सॉफ्टवेअरचा) माग काढणं हीच त्याची नोकरी, आणि मालवेअरमध्ये सापडलेली बेवारस डोमेन नोंदवून ठेवणं हे त्यातलं रोजचं काम. पुढे ते डोमेन पाडायला मिराई बॉटनेटचे (हॅकरांनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेचे) हल्ले झाले. ते तगवून ठेवणाऱ्यांवर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही.

आता ती यादी. वॉनाक्राय मशीनवर सुरू झाला की आधी एका लांबलचक, अर्थहीन नावाच्या डोमेनला हाक मारायचा. उत्तर आलं की गप्प. नाही आलं की फाइली लॉक आणि शेजारच्या मशीनवर उडी. हचिन्सने नोंदवलं ते हेच डोमेन. आणि फॉरवर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कोण? तेच! म्हणजे ज्याच्या उत्तराने किडा थांबतो, त्याचंच तोंड दाबायचं. ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरचा सल्ला नेमका उलटा होता: या डोमेनपर्यंत मशीन पोचू द्या. कुठला पत्ता कशासाठी यादीत आहे हे न वाचता यादी चिकटवणाऱ्याला थ्रेट इंटेलिजन्स (धोक्याची माहिती समजून वापरणं) कळलंच नाही.

‘टीम झोपल्या होत्या’? ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०१७ चा अहवाल वाचा. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चला आला, हल्ला १२ मेला झाला. मधल्या काळात, मार्च आणि एप्रिलमध्ये, एनएचएस डिजिटलने (सरकारी आरोग्यसेवा एनएचएसच्या आयटी संस्थेने) पॅच टाका म्हणून बजावलं होतं. तरी इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना (इस्पितळं वगैरे चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थांना) फटका बसला. एनएचएसमध्ये जिथे जिथे लागण झाली, तिथे विंडोज एकतर पॅच न केलेलं होतं, नाहीतर सपोर्ट संपलेलं. इशारा देणारे जागेच होते.

पॅचने मशीन अडतं, ही इस्पितळवाल्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. स्कॅनिंगच्या मशीनला कंपनी हातच लावू देत नाही. मग भावा, ते मशीन वेगळ्या नेटवर्कवर काढ, त्याच्याकडे जाणारा पोर्ट ४४५ (विंडोजची फाइल शेअर करायची वाट, किडा इथूनच शिरायचा) बंद कर. आणि ती यादी लावून बसला असशील, तर आज रात्रीच्या ड्यूटीआधी उतरव.