टाकी कुठे ओतणार?

गुहागरच्या आमच्या दादाला इंग्लंडहून जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मागवायची आहे. सुरूच्या बनामागची दहा गुंठे पडून आहेत, तिथे ती उभी करायची आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची. घरच्या ग्रुपवर तीन आठवडे दुसरा विषय नाही. भावंडांचं म्हणणं, महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आयात शुल्कापाशी घोडं अडलं. ते उतरवलं की कोकणभर कॅराव्हॅन दिसतील. मग दादाने मला गाठलं : "अरे, तू न्यूझीलंडला. तुमच्याकडे सर्रास मागवतात ना?"

मागवतात. मीही मागवली, साउदॅम्प्टनहून. इंग्रजही रस्त्याच्या डावीकडून चालवतात, त्यामुळे दार फुटपाथकडे उघडतं. जर्मन घेतली असती तर पोरं भर रस्त्यात उतरली असती. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट, पण प्लग वेगळे, गॅस सिलिंडरची जोडणी वेगळी. ते बदलून विजेचा दाखला काढायचा, तो चार वर्षं चालतो. किंमत आणि जहाजभाडं यांच्या बेरजेवर 15 टक्के जीएसटी. एवढं करून ऑकलंडला ती अडकली ती चाकामागे चिकटलेल्या मूठभर मातीपायी. परक्या मातीतून बी येतं, कीड येते, आणि शेतीवर जगणाऱ्या या देशात तो विनोदाचा विषय नाही. पुन्हा धुणं, पुन्हा तपासणी, दोन्हीची बिलं माझ्या नावावर.

पण हे सगळं पैसे टाकले की निस्तरतं. दादाला मी विचारलं ते वेगळंच : टाकी कुठे ओतणार?

कॅराव्हॅनच्या संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, जेमतेम वीस लिटरची. चौघांचं कुटुंब असलं की दोन-तीन दिवसांत भरते. इथे बहुतेक गावांत ती ओतायची ठरलेली जागा असते : सिमेंटचा ओटा, झाकण, धुवायला नळ. ही शिस्त काही आभाळातून पडली नाही. गाडीत मुक्काम करणारे लोक समुद्रकाठी, झुडपांआड घाण करत, ओरड झाली, म्हणून 2011 मध्ये इथे भरणाऱ्या रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर अशा मुक्कामांसाठी कायदा झाला. 2023 मध्ये तो आणखी आवळला. आता स्वयंपूर्ण, म्हणजे आपली घाण आपल्यातच साठवणाऱ्या, गाडीचा दाखला हवा तर संडास पक्का बसवलेलाच लागतो.

'आमच्याकडे असं असतं' म्हणणारा परदेशातला भाऊ किती डोक्यात जातो, याची मला कल्पना आहे. शिवाय कोकणात जे आहे ते इथे नाही. वाडीतल्या कुणाच्याही ओटीवर पाहुणा टेकतो, सोलकढी-भात जेवतो, पडवीत झोपतो. घाटातून सात मीटरचं धूड ओढत आणण्यापेक्षा दोन खोल्या शाकारून घेतल्या तर दादाला चार पैसे जास्तच सुटतील, असं माझं मत. ते ग्रुपवर कुणालाच आवडलं नाही. वहिनी तेवढी म्हणाली, "भाऊजी, खोल्यांची चादरी-भांडी कोण करणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी शुल्कावरून भांडणाऱ्यांना पुळणीची आठवण करून द्यावीशी वाटली. तिथे ओतलेलं सगळं झिरपतं, आणि वाडीला पाणी विहिरीचंच.

काल रात्री दादाचा मेसेज आला. सोबत विहिरीचा फोटो. "शोषखड्डा इथून किती लांब घेऊ?"