युनियननं वह्या वाटल्या, तर कुणाचं काय बिघडलं?

एक मे जवळ आला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यात एक माझा सख्खा मेव्हणा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: युनियनचं काम पगारवाढ आणि बोनस, बाकी रक्तदान, वह्यावाटप, पूरग्रस्तांना मदत ही पुढाऱ्यांची चमकोगिरी. वर्गणीचा पैसा त्यावर घालणं बेकायदा आहे. असल्या कार्यक्रमांतच युनियनी लढायचं विसरल्या. आणि आता सगळ्या योजना मोबाईलवर आल्यात, मग मध्ये युनियन कशाला?

मी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारा, होतो आणि काही वर्षं युनियनचा खजिनदार. पावतीपुस्तक माझ्याच पिशवीत असायचं, म्हणून उत्तर देतोय.

आधी ‘बेकायदा’चं बघू, कारण माझ्या काळापुरती तरी तिथं वादाला जागाच नाही. तेव्हा १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली. त्या जुन्या कायद्याच्या १५ व्या कलमात युनियनचा पैसा कशावर खर्चायचा याची यादी दिलेली होती. खटले आणि संप तर होतेच. त्यांच्याच पंगतीत सभासदाचा मृत्यू, म्हातारपण, आजार, अपघात आणि बेकारी यांसाठीची मदत होती. सभासदांच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक सोयी होत्या. मयत सभासदाच्या अंत्यविधीचा खर्चसुद्धा होता. एकूण कामगारांच्या भल्याच्या कामाला देणगी देता यायची, पण वर्षाचं उत्पन्न आणि मागची शिल्लक मिळून जी रक्कम होते तिच्या पाव हिश्शाच्या आत. राजकारणाचा निधी वेगळा ठेवायचा आणि त्याची वर्गणी कुणावर लादायची नाही. हिशेबाच्या वह्या तपासायचा हक्क प्रत्येक सभासदाला. माझ्या खजिनदारकीत वही बघायला दोघंच आले. मेसेज पाठवणाऱ्या चौघांतला त्यात एकही नव्हता.

चमकोगिरीचं मात्र निम्मं खरं आहे. वह्या दोनशे आणि फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड दहा फुटी, हे मलाही खुपतं. बैठकीत मी त्यावरून भांडलोय. पण वाईट असेल तर तो फ्लेक्स, वह्या नव्हेत. आणि हा आक्षेप कोल्हापूरकरानं घ्यावा याची मला गंमत वाटते. आपल्याकडं तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. पण खंडोबा तालीम असो नाहीतर पाटाकडील, त्यांच्या नावानं फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो आणि आपण गळा फाटेस्तोवर ओरडतो. तालमीचा गणपती बसतो, पेठेत कुणी गेलं तर तालमीतलीच पोरं आधी धावतात. ‘तुमचं काम कुस्ती, हे कशाला?’ असं कुणी विचारलंय का?

पूर्वीच्या युनियनी फक्त लढायच्या, असंही मेसेजमध्ये घुसडलंय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. हेच लोखंडे मुंबईत प्लेग आल्यावर रुग्णांच्या सेवेत उतरले आणि १८९७ मध्ये प्लेगनंच गेले. आपल्याच गावात गोविंद पानसरे कामगारांचे खटले चालवायचे, टोलविरोधी आंदोलनात पुढं असायचे, आंतरजातीय लग्नं करणाऱ्यांच्या पाठीशीही उभे राहायचे. यातलं ‘युनियनचं’ कुठलं आणि ‘समाजाचं’ कुठलं, हे मला तरी वेगळं करता येत नाही.

आता लढायचं विसरल्या हा मुद्दा. युनियनी खचल्या हे मी नाकारत नाही. पण त्या खचल्या ठेकेदारीनं. एकाच भट्टीपुढं कायम कामगार आणि शेजारी ठेक्यावरचा, तो युनियनच्या कागदावर सही करायला घाबरतो कारण उद्या त्याला गेटच्या आत घेणार नाहीत. यात रक्तदान शिबिराचा काय दोष?

माझा अनुभव तर उलटाच आहे. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे अंदाज करा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. तेव्हा कामी आलं ते सभासद रजिस्टर, कारण त्यात प्रत्येकाचं गाव होतं. चिखलीचे कोण, आंबेवाडीचे कोण, फोन कुणाचा लागत नाही, हे आम्ही त्याच्यावर बोट ठेवून बघत होतो. पाणी ओसरल्यावर तांदूळ, चटई, पोरांची दप्तरं पोचवली. त्यासाठी वेगळं पावतीपुस्तक छापलं होतं, वर्गणीला हात लावला नाही. पुढं पगाराच्या करारावरून गेटवर बसायची वेळ आली, तेव्हा ठेक्यावरचे जे पाच-सहा जण उघडपणे येऊन बसले ते सगळे त्या गावांतले. मदत केली म्हणून ते आले, असा हिशेब मी मांडत नाही. इतकंच, की आम्ही त्यांना तोंडओळखीपलीकडं ओळखत होतो.

राहिला मोबाईल. सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचंच घ्या. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून पैसा येतो, पोरांना शिष्यवृत्ती मिळते, कामगार गेला तर घरच्यांना मदत मिळते. अर्ज ऑनलाइन आहे, कबूल. पण त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला जोडावा लागतो. रोज सकाळी कामासाठी नाक्यावर उभं राहणाऱ्या बाईला आज एक ठेकेदार, उद्या दुसरा, त्यातला एक सही देतो म्हणतो आणि फोन उचलत नाही. मग एजंट भेटतो, तो पैसे घेतो. काही युनियनवालेही घेतात, त्यांना चार शब्द सुनवायलाच हवेत. पण ठेकेदाराच्या दारात जाऊन ‘हिनं तुमच्याकडं स्लॅबवर काम केलंय, करा सही’ म्हणायला चार माणसं लागतात. मेव्हण्याला मी हेच लिहिलं आणि खाली विचारलं, तुझ्या बंगल्याच्या कामावर ज्या बायका होत्या, त्यांच्या दाखल्यावर सही कुणी केली? दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून आलेलं नाही.