क्यूएल ‘चालू करून तपासा’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज जोरात फिरतोय. बाजारात आपटलेले जुने होम कॉम्प्युटर जमवा, विशेषतः सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा क्यूएल. घेताना कार्ट्रिज (प्रोग्रॅम साठवायची छोटी टेपची डबी) घालून चालू करून बघा. आपटला म्हणजे दुर्मीळ, दुर्मीळ म्हणजे महाग. मशीन मुळात भंगारच होतं, पण आत सोनं आहे. माझ्या मामेभावाने हे तंतोतंत पाळलं. टेप आत गुरफटून तुटली. त्या कार्ट्रिजवर आधीच्या मालकाने स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम होते.

म्हणून आधी त्या ‘तपासणी’चंच बोलतो. मायक्रोड्राइव्ह, म्हणजे क्यूएलमधला टेप ड्राइव्ह, त्याच्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर रुंद, पाचेक मीटर लांब टेपचं अखंड वेटोळं असतं आणि ते सेकंदाला पाऊण मीटर वेगाने पळतं. टेप हेडवर दाबून धरणाऱ्या इवल्याशा पॅडचा स्पंज चाळीस वर्षांत कुजतो, पॅड निखळतो. अशी टेप पळवली की अडकणारच. पॅड बदलल्याशिवाय जुनं कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालायचं नाही. शिवाय कार्ट्रिज आत असताना मशीन चालू किंवा बंद करू नका, हे क्यूएलच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे! कंपनीने 1984 मध्ये बजावलेलं हे लोक आज उलटं करून सांगतात. पॉवर सप्लायसुद्धा आधी सुटा काढून मीटरने तपासायचा, मग जोडायचा.

भंगार? 68008 प्रोसेसर, 128 केबी रॅम आणि खरं मल्टिटास्किंग, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणं, तेही घरगुती मशीनमध्ये. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तरुणपणी याच मशीनसाठी स्वतःचा असेंब्लर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं साधन) आणि एडिटर लिहिला होता. एक मात्र मान्य करावं लागेल: क्यूएल तयार नसताना जानेवारी 1984 मध्ये जाहीर केला गेला, गिऱ्हाइकांना ताटकळावं लागलं आणि सुरुवातीच्या मशीनना रॉमचा, म्हणजे मशीनचं कायमचं सॉफ्टवेअर ठेवणाऱ्या चिपचा, एक तुकडा मागे बाहेर लटकत होता. नाव तिथेच खराब झालं.

आपटला म्हणून दुर्मीळ, हे ज्युपिटर एस या दुसऱ्या होम कॉम्प्युटरबद्दल खरं आहे. तो काही हजारच विकला गेला. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-99/4ए हा होम कॉम्प्युटर तोट्यात जाऊन बंद करायचं 1983 मध्ये जाहीर झालं, तरी तो सुमारे 28 लाख खपला होता. तो कसला दुर्मीळ?

सोन्याचं तर सोडाच. चिमूटभर मुलाम्यासाठी चालू शकणारं मशीन फोडायचं?

क्यूएल दुसरा मिळेल. कीबोर्डचा मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ पडदा) नवा मिळतो, टेपऐवजी एसडी कार्डही लावता येतं. त्या एका कार्ट्रिजवरचं मात्र दुसरीकडे कुठेच नव्हतं. मामेभावाकडे अजून तीन उरली आहेत. पॅड येईपर्यंत ती डबीतून काढू नकोस, एवढं त्याला बजावलंय.